टाइमस्टॅम्पचे आवृत्तीभेद

टाइमस्टॅम्प हा मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये नोंदीची वेळ ठेवणारा कॉलमचा प्रकार आहे. त्यात वेळ साठवताना यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) बदलली जाते आणि वाचताना कनेक्शनच्या टाइमझोनप्रमाणे दिसते. डेटटाइम हा दुसरा प्रकार दिलेली वेळ जशीच्या तशी ठेवतो. आवृत्ती बदलली की टाइमस्टॅम्पचे वागणेही बदलते, आणि बऱ्याचदा एररसुद्धा येत नाही. खरा धोका तिथेच आहे.

मुकुटबन (ता. झरी-जामणी, जि. यवतमाळ) येथे सिमेंट कारखाना आहे. अशा ठिकाणच्या वजनकाट्याचे उदाहरण घेऊ. रिकामा ट्रक काट्यावर आला की टेबलात एक ओळ पडते. माल भरून परतला की त्याच ओळीत भरलेले वजन चढते. ‘आगमन’ हा पहिला कॉलम नुसता टाइमस्टॅम्प म्हणून लिहिला असेल, तर ५.७ पर्यंतच्या आवृत्त्या मूळ सेटिंगवर त्यात आपोआप चालू वेळ भरतात आणि ओळीत बदल झाला की तीही बदलतात. दुसरे वजन चढताच आगमनाची खरी वेळ पुसली जाते. ट्रक आवारात किती वेळ होता, हे मग कळायला मार्ग नाही. ८.० मध्ये ‘एक्सप्लिसिट डिफॉल्ट्स फॉर टाइमस्टॅम्प’ हे सेटिंग मुळातच चालू असते. तीच स्क्रिप्ट तिथे चालवली तर आपोआप काहीच भरले जात नाही, कॉलम नल (रिकामा) राहतो. जुने टेबल डंप करून आणले तर मात्र जुने गुण व्याख्येसकट येतात. त्यामुळे एकाच सर्व्हरवर दोन टेबले वेगवेगळी वागतात. शोधाची सुरुवात ‘शो क्रिएट टेबल’नेच करावी आणि डिफॉल्ट नेहमी स्पष्ट लिहावा.

सेकंदाचा अपूर्णांक ५.६.४ पासून साठवता येतो. पूर्वी तो गळून जाई; आता अपूर्णांकाची जागा न ठेवलेल्या कॉलमात वेळ जवळच्या पूर्ण सेकंदाला नेली जाते. रात्री ११:५९:५९.६ची नोंद त्यामुळे दुसऱ्या दिवसाच्या हिशेबात जाते.

५.७.२ पासून एरर लॉगही मुळात यूटीसीत लिहिला जातो. सकाळी १०ची अडचण तिथे ४:३०ला दिसते. नेमका साडेपाच तासांचा फरक आढळला तर डेटातील वेळा दुरुस्त करायला धावू नये; आधी सर्व्हर आणि सेशनचा टाइमझोन तपासावा. भारतात घड्याळे ऋतूनुसार पुढे-मागे होत नाहीत, म्हणून ‘+०५:३०’ एवढे लिहिले तरी भागते. झोन नावाने द्यायचा असेल तर टाइमझोनची टेबले आधी भरावी लागतात.

टाइमस्टॅम्प कॉलमची मर्यादा भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८, सकाळी ८:४४:०७ पर्यंत आहे. ८.०.२८ मध्ये ६४-बिट यंत्रणांवर ‘फ्रॉम युनिक्सटाइम’सारखी फंक्शने त्यापुढे गेली, कॉलम गेला नाही. म्हणून ५० वर्षांच्या खाणपट्ट्याची मुदत असल्या दूरच्या तारखा डेट किंवा डेटटाइममध्येच ठेवाव्यात.