लाल शाईची नक्कल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या अब्बांचं किराणा दुकान होतं. रात्री फळ्या लावल्या, की ते रोजकीर्दीवरून खतावणीत नोंदी उतरवायला बसत. हातात निळं पेन, शेजारी लाल. सणापर्यंत ज्याची उधारी फिटली नाही, त्याच्या नावाखाली लाल रेघ पडायची. वही भरली, की नव्या वहीत खाती उतरवण्याचं काम माझ्याकडं येई. मी रेघाही इमानदारीनं उतरवत असे. एकदा अब्बांनी कान धरला. ‘यानं परवाच पैसे चुकते केले. रेघ कशाला ओढलीस?’ मी म्हटलं, ‘जुन्या वहीत होती.’

लाल शाईचा मान तसा जुना. आपल्या हस्तलिखित पोथ्यांत ‘उवाच’, दंड, अध्यायाची समाप्ती हिंगुळानं लिहिलेली दिसते. कुराणाच्या सुरुवातीच्या कुफी लिपीतल्या प्रतींत काळ्या अक्षरांच्या वर, खाली, पुढं लाल ठिपके असतात. ती स्वरचिन्हं. ही युक्ती सातव्या शतकातल्या बसऱ्याच्या अबुल अस्वद अद्-दुअली यांची, असं परंपरा मानते. नक्कल करणाऱ्यानं अक्षर नेमकं उतरवलं, पण ठिपका वरचा खाली दिला, तर अर्थच बदलायचा. म्हणजे रंगही अक्षराइतकाच जपून न्यावा लागे. पण नेला जाई तो रंगच. तो तिथं का आहे, हे जाणत्याच्या डोक्यात असे, कागदावर नसे. माझ्या कानाला पीळ बसला तो त्यामुळंच.

हे ‘का’ कागदावर, म्हणजे पडद्यावर यायला विसावं शतक संपत यावं लागलं.

१९७८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी वर्गात बसला होता. फळ्यावर हिशेबाचा तक्ता होता. एक आकडा बदलला, की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. फळा स्वतःच हिशेब करील तर, असं त्याच्या मनात आलं. त्याचा मित्र बॉब फ्रँकस्टन यानं रात्री जागून प्रोग्राम लिहिला, कारण भाड्यानं घेतलेला मोठा संगणक रात्री स्वस्त पडे. १९७९ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी ‘व्हिजिकॅल्क’ बाजारात आलं. आज कारकुनापासून कुलगुरूपर्यंत सगळे ज्याच्यापुढं बसतात, त्या स्प्रेडशीटचा हा पूर्वज.

त्यात एक गोष्ट मला फार आवडते. एका घरातलं सूत्र दुसऱ्या घरांत उतरवायला सांगितलं, की व्हिजिकॅल्क सूत्रातल्या प्रत्येक पत्त्यापाशी थांबून विचारी: हा पत्ता तसाच ठेवू, की नव्या जागेप्रमाणं बदलू? आमच्या धंद्यात हा फरक ओळखीचा आहे. ‘शेजारी’ हा शब्द ज्याच्या तोंडी असेल, त्याप्रमाणं माणूस बदलतो. ‘रहीमचाचा’ म्हटलं, तर कोणत्याही दारातून हाक मारा, माणूस तोच. प्रत्येक पत्ता ‘शेजारी’ आहे की ‘रहीमचाचा’, एवढंच ते यंत्र विचारत होतं.

हे विचारणं लोकांना कंटाळवाणं वाटलं असणार. १९८३ मध्ये ‘लोटस १-२-३’ आलं. ते काढणारा मिच केपॉर एकेकाळी भावातीत ध्यान शिकवत असे. कंपनीचं नाव त्यानं पद्मासनावरून घेतलं. लोटसनं प्रश्न बंद केला आणि उत्तर सूत्रातच लिहून ठेवण्याची सोय केली. खूण म्हणून डॉलरचं चिन्ह. पैशाशी त्याचा काही संबंध नाही. अक्षरामागं डॉलर असेल तर रकाना बांधलेला, आकड्यामागं असेल तर ओळ बांधलेली. डॉलर नसेल, तर पत्ता मोकळा.

एक्सेल १९८५ मध्ये प्रथम मॅकिंटॉशवर आलं, १९८७ मध्ये विंडोजवर. उणे आकडा लाल दाखवण्याची सोय आधीपासून होती. पण ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’, म्हणजे अटीवर ठरणारा रंग, आला एक्सेल ९७ मध्ये. एका घराला तीनच अटी लावता येत. २००७ च्या आवृत्तीत ते बंधन सुटलं. आता लाल रेघ ओढायची नाही, ‘बाकी शून्याहून जास्त असेल तर लाल’ एवढं लिहायचं. पैसे भरले, की रंग आपोआप जातो. अब्बांना हे फार आवडलं असतं.

अट दुसऱ्या घरांवर न्यायची, तर ब्रशचं चित्र असलेलं बटण दाबून त्या घरांवरून फिरवायचं. तिथले आकडे तसेच राहतात, पोशाख तेवढा बदलतो. पण त्या पोशाखाच्या खिशात पत्ते असतात, डॉलरसकट.

आमच्या मोहल्ल्यात परीक्षेची फी भरण्यासाठी मदत करणारी एक छोटी समिती आहे. यादी माझ्याकडं. ‘क’ रकान्याच्या जागी सी, त्यात बाकी. पहिल्या मुलाच्या नावावर अट लिहिताना मी माउसनं त्याच्या बाकीचं घर दाखवलं. अशा वेळी एक्सेल स्वतःहून दोन्ही डॉलर लिहितं: डॉलर सी डॉलर दोन. मी ब्रश खालपर्यंत ओढला. झालं असं, की प्रत्येक नाव स्वतःची बाकी न पाहता त्या पहिल्या मुलाची बाकी पाहू लागलं. त्याची फी भरलेली होती. त्यामुळं यादीत एकही नाव लाल नव्हतं. सगळं लाल झालं असतं, तर मी दचकलो असतो. कोरी यादी पाहून आम्ही समाधानानं चहा घेतला.

मुदत टळल्यावर एका मुलीचे वडील दाराशी आले. बोलताना त्यांची मान खाली होती. तिची फी भरलेलीच नव्हती. मुलीला वाटलं, आपला अर्ज नाकारला, आणि विचारायची लाज वाटली. विलंब शुल्क भरून फॉर्म गेला. ते शुल्क मी दिलं, त्यात मोठेपणा काही नाही. दुरुस्ती म्हणाल, तर दोनच्या आधीचा एक डॉलर खोडला.

आताच्या आवृत्त्यांत नियम पाहण्याची खिडकी आहे, पण ओळी इकडून तिकडं चिकटवत गेलं, की एकाच नियमाचे तुकडे होऊन खिडकी भरून जाते. वाचवत नाही. म्हणून यादी पाठवण्याआधी मी शेवटच्या नावापुढं मुद्दाम एक रुपया बाकी टाकतो. नाव लाल झालं, की तो पुसतो.