मापांची मातृभाषा

तापाचा आकडा आपण फॅरनहाइटमध्ये सांगतो आणि हवेचा सेल्सिअसमध्ये. माणसाचे वजन किलोत, उंची मात्र फूट-इंचांत. कापड मीटरवर मोजून फाडतात, पण लुगडे नऊवारीच राहते. बांधकामावर सिमेंटची गोणी ५० किलोची येते आणि वाळू येते ब्रासने, म्हणजे १०० घनफुटांनी. दशमान पद्धती स्वीकारून सहा दशके उलटली तरी हा संकर टिकून आहे. त्याचे स्पष्टीकरण सामान्यतः एका वाक्यात दिले जाते : नवी मापे सरकारी, जुनी मापे आपली. हे विधान तपासून पाहण्याजोगे आहे.

गुंठ्याचेच उदाहरण घेऊ. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेले असते. बांधावरचे बोलणे मात्र एकर-गुंठ्यांत चालते. गुंठा हा शब्द देशी खरा, पण आज रूढ असलेला गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा १,०८९ चौरस फुटांचा तुकडा. असे ४० गुंठे झाले की बरोबर एक इंग्रजी एकर भरतो. १८३०च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी जमीनमोजणी उभी केली, तिने हे कोष्टक दख्खनभर रुजवले. मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे भाग १६, त्यांना नाव मात्र आपल्या ओळखीचे : आणे. त्याआधी काठी, पांड, बिघा, चावर ही मापे होती. शिवकालातील काठी पाच हात पाच मुठींची सांगितली जाते. म्हणजे ज्याला आपण आपले माप म्हणतो, ते मराठी नावाचे इंग्रजी माप आहे. तोळ्याचेही तसेच. गुंज, मासा, तोळा ही उतरंड जुनी. पण १८० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा तोळा कंपनी सरकारने १८३३मध्ये निश्चित केला.

यावरून एवढे म्हणता येईल की कालचे लादलेले माप आजची मातृभाषा होते. तेव्हा प्रश्न देशी-परकीयाचा उरत नाही. एका मापातून दुसऱ्यात जाताना जो सांधा पडतो, त्यातून काय गळते आणि कोणाचे, हा खरा प्रश्न आहे.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १६ आणे जाऊन १०० नवे पैसे आले. एक आणा हिशेबाने सव्वासहा नवे पैसे. परंतु पाव पैशाचे नाणे नव्हते. म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२ आणि तीन आण्यांचे १९ पैसे ठरले. एकेक आणा तीन वेळा मोजला तर १८, एकदम मोजला तर १९. एका पैशाचा हा फरक रोज आण्या-दोन आण्यांची खरेदी करणाऱ्यालाच जाणवणार. पुढे दशमान वजने आली, १९६२पर्यंत सक्तीची झाली, आणि ८० तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅमचा शेर कायद्यातून गेला. बोलण्यातला पावशेर मात्र राहिला. तो २३३ ग्रॅमचा होता, आता २५०चा झाला. येथे शब्द तोच राहून वस्तू वाढली.

सोन्याच्या बाबतीत उलट घडले. आज पेढीवर तोळा म्हणजे बहुधा १० ग्रॅम समजतात. आजीच्या काळचे पाच तोळे ५८ ग्रॅमहून थोडे अधिक होते. आजचे पाच तोळे ५०. वाटणीच्या जुन्या यादीत नुसते ‘पाच तोळे’ लिहिले असेल, तर आठ ग्रॅम सोने कोणाच्या पदरात पडावे हे त्या शब्दाच्या अर्थावर ठरते. जमिनीतही हाच धोका आहे. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७, फरक इतका सूक्ष्म की ‘आर म्हणजे गुंठाच’ असे सर्रास म्हटले जाते. पण ४० आर जमिनीला एकर म्हटले की ५०४ चौरस फूट कमी भरतात. शहरात तेवढ्या जागेत एक बिऱ्हाड राहते.

साहित्याच्या अभ्यासकाला यात काय? मराठी वाक्प्रचारांत ही मेलेली मापे अजून जिवंत आहेत : तोळामासा प्रकृती, शेरास सव्वाशेर, सोळा आणे खरे. तेथे नेमक्या वजनाची गरज नसते. कथा-कादंबरीत मात्र असते. मजुरीची पायलीभर ज्वारी घरी आली, तर त्या घरात किती दिवस चूल पेटेल हे न कळता ते वाक्य वाचले जाऊ शकत नाही. तळटीप देऊनही काम भागत नाही, कारण पायली हे आकारमानाचे माप आहे : चार शेरांची. ज्वारीची पायली आणि भाताची पायली किलोत सारखी उतरत नाही. शिवाय गावोगावचा शेर निराळा. ‘पायली म्हणजे इतके किलो’ एवढे लिहून मोकळे होणारा संपादक वाचकाला चुकीचे माप देत असतो.

म्हणून जुना पाठ शिकवताना मापाला फक्त प्रतिशब्द देऊ नये. ते माप कोणत्या काळचे, कोणत्या गावचे आणि कशाचे, हे विचारावे. पात्राच्या पदरात काय पडले, हे त्याशिवाय कळणार नाही.