पिवळं कार्ड: विदर्भातल्या सिकलसेलची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

माझ्या पाकिटात आधार कार्डाच्या मागे एक पिवळं कार्ड आहे. कडा झिजल्यात, शाई उडालीय, पण 'एएस' ही दोन अक्षरं अजून वाचता येतात. ते मिळालं रोहण्याला. रोहणा म्हणजे वर्धा जिल्हा, आर्वी तालुका, माझं आजोळ. नववीत होतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो होतो आणि गावात रक्त तपासणीचं शिबिर लागलं होतं. मामीनं घरातली सगळी पोट्टी रांगेत उभी केली. बोटाला टोचलं, थेंबभर रक्त घेतलं, झालं. नंतर कार्डं आली. मला पिवळं, मामेभावाला लाल. आम्ही दोघंही फुटबॉल बघणारे, त्यामुळे खूप हसलो. मामी हसली नाही.

पिवळं म्हणजे सिकलसेल वाहक. लाल म्हणजे सिकलसेल रुग्ण. आणि ज्याच्यात काहीच नाही त्याला पांढरं.

त्या दिवसाआधी मामेभावाचं दुखणं घरात वेगवेगळ्या नावांनी ओळखलं जायचं. हातपाय दुखून रडला की वात. डोळे पिवळे झाले की कावीळ, मग कावीळ उतरवणाऱ्याकडे फेरी. ताप आला की मलेरिया. चेहरा पांढराफटक दिसला की 'रक्त कमी आहे', मग लोहाच्या गोळ्या. एका डॉक्टरांनी तर वर्षभर तेच टॉनिक चालू ठेवलं होतं. चार नावं, चार इलाज, आणि आजार एकच. आबाजी म्हणायचे, पोट्टा कामचोर आहे, शाळेच्या दिवशीच दुखते त्याचं. हे ते नंतर कधी बोलले नाहीत.

मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण नोकरीला लागल्यावर एकदा ठरवून या आजाराचा इतिहास वाचून काढला. मला एकच गोष्ट कळून घ्यायची होती: जे एका थेंबात कळतं, ते रोहण्यात कळायला इतकी वर्षं का लागली?

सुरुवात शिकागोची. डिसेंबर १९०४. ग्रेनाडा नावाच्या कॅरिबियन बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण दवाखान्यात भरती झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरनं त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, तर गोल चकत्यांऐवजी लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये हे प्रसिद्ध केलं. नोएल तोवर शिकून घरी परतला होता. तिथे दातांचा दवाखाना चालवत होता. १९१६ मध्ये न्यूमोनियानं गेला, वय ३२. आपल्या रक्तानं वैद्यकशास्त्रात नवीन पान उघडलंय, हे त्याला कळलं होतं की नाही कोण जाणे.

आता विळा का होतो ते बघा. लाल पेशीत हिमोग्लोबिन असतं, ते ऑक्सिजन वाहून नेतं. सिकलसेलमध्ये ऑक्सिजन सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या बनवतं, आणि पेशी आतून ताठ होते. ताठ पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते, पुढे रक्त जात नाही, तिथे जीवघेणं दुखतं. ती लवकर फुटतेही. साधी लाल पेशी १२० दिवस जगते, ही १०-२० दिवस. म्हणून रक्त कमी. फुटलेल्या पेशींमधून पिवळं द्रव्य निघतं, म्हणून डोळे पिवळे. प्लीहा लहानपणीच निकामी होते, म्हणून जंतुसंसर्ग आणि ताप. मामेभावाच्या चारही दुखण्यांचा हिशेब इथे लागतो.

हे हिमोग्लोबिनच वेगळं आहे, असं १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या क्षेत्रात रेणू वेगळे करून दाखवलं. त्याच वर्षी आनुवंशिकताही स्पष्ट झाली: एका पालकाकडून दोष आला तर वाहक, दोघांकडून आला तर रुग्ण. मग केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रॅमनं हिमोग्लोबिनचे तुकडे करून नेमका कुठला तुकडा वेगळा आहे ते शोधलं. पुढच्या वर्षी त्यानं आणखी नेमकं सांगितलं: १४६ दुव्यांच्या साखळीत सहावा दुवा बदललाय, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलंय. डीएनएच्या भाषेत 'जीएजी'चं 'जीटीजी'. एका अक्षराचा टायपो. मी कामावर असे बग रोज बघतो, पण ते रात्री दोनला पोराला रडवत नाहीत.

इन्ग्रॅमचा पहिला लेख 'नेचर'मध्ये आला त्याची तारीख १३ ऑक्टोबर १९५६. ती वाचून मी थबकलो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, निव्वळ योगायोग. पण त्या मैदानावर जमलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या रक्तात ते एक अक्षर बदललेलं असणार, आणि ते अक्षर कुठलं याचा माग जगाला आदल्याच दिवशी लागला होता.

भारतात हा दोष १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडला. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्येही. आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांबद्दल लिहिलं. नागपूर परिसरातली ही पहिली ठळक नोंद. १९५८! म्हणजे माझे आबाजी तरुण होते तेव्हा.

इथे एक गाठ सोडवायला हवी. विदर्भात सिकलसेल म्हटलं की लोक लगेच 'अमक्यांचा आजार' म्हणून मोकळे होतात. बौद्ध समाजात तो जास्त दिसतो, गोंड, माडिया, परधान यांच्यात दिसतो, हे खरं. पण कुणबी आणि तेली समाजातही तो सापडलाय. आणि तो कुठून आला? १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत दाखवलं की वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया, तिथे वाहक जास्त जगले आणि दोष टिकला. म्हणजे माझ्या पूर्वजांसाठी हा बग नव्हता, फीचर होतं. मग आपण जातीतच लग्नं करत राहिलो, त्यामुळे तो त्याच घरांमध्ये फिरत राहिला. ज्या पद्धतीनं हा आजार पसरवला तिचाच आधार घेऊन आपण त्यावरून लोकांना हिणवतो. मला याचा राग येतो, लपवत नाही.

१९५८ नंतर काय झालं? मेडिकल कॉलेजांमध्ये अभ्यास होत राहिले. तिकडे परदेशात उपचार सापडत गेले. १९८६ मध्ये कळलं की लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिलं तर जीवघेणा जंतुसंसर्ग खूप कमी होतो. १९९५ मध्ये मोठ्या चाचणीत सिद्ध झालं की हायड्रॉक्सीयुरिया या गोळीनं दुखण्याचे झटके कमी होतात. ही गोळी मूळची कॅन्सरची, ती शरीराला पुन्हा बाळाच्या प्रकारचं हिमोग्लोबिन बनवायला लावते आणि ते काड्या होऊ देत नाही. पण गोळी कोणाला द्यायची हे कळायला आधी तपासणी हवी ना.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ऐंशीच्या दशकात सर्वेक्षण करून तिथे सिकलसेल मोठ्या प्रमाणात असल्याचं दाखवलं. (अभय बंग आपल्या वर्ध्यातच वाढलेले.) पुढचा किस्सा ते स्वतःच सांगतात: लोकांना या शोधाचं फारसं काही वाटलं नाही, कारण तो प्रश्न त्यांनी विचारलेलाच नव्हता. नागपुरात संपत रामटेके यांनी सिकलसेल रुग्णांची संघटना उभी करून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि २००८-०९ च्या सुमारास राज्याचा सिकलसेल नियंत्रण कार्यक्रम गावांपर्यंत पोचायला लागला. आमचं शिबिर त्यातलंच. १९५८ ते २००८, बरोब्बर पन्नास वर्षं.

मला आधी वाटायचं तंत्रज्ञान महाग असेल. नाही हो. रक्ताचा थेंब एका रसायनाच्या द्रावणात टाकायचा आणि नळीच्या मागे रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. इतकंच. मात्र ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळात चुकू शकते. म्हणून नळी गढूळ झाली की पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. तिथे कुठलं हिमोग्लोबिन किती टक्के ते कळतं.

'रक्त कमी आहे' हे निदान नाही, लक्षण आहे, हेही मला तेव्हाच कळलं. सगळ्यात जास्त लोकांना लोहाचीच कमतरता असते, त्यात पेशी लहान आणि फिक्या दिसतात, गोळ्यांनी फरक पडतो. थॅलसेमियाच्या वाहकातही पेशी लहान असतात, पण लोह पुरेसं असतं, तिथे हिमोग्लोबिन ए-टू वाढलेलं दिसतं. सिकलसेलच्या रुग्णाला लोह कमी आहे हे तपासल्याशिवाय लोह देऊन उपयोग नाही. वारंवार रक्त चढवलेल्याच्या अंगात ते उलट साचतं. तेव्हा तीन महिने गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर 'गोळ्या नीट घेत नाही' असं बाईमाणसावर ढकलण्याआधी एकदा एचपीएलसी करा.

आता कार्डाबद्दल. ज्या पॉलिंगनी हा रेणूचा आजार असल्याचं सिद्ध केलं, त्यांनीच १९६८ मध्ये सुचवलं की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू चांगला होता म्हणे. पुढे सत्तरच्या दशकात अमेरिकेत काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली, आणि आजारी नसलेल्या वाहकांना नोकरीत, विम्यात त्रास झाला. काळे लोक चिडले, ते बरोबरच होतं. आमचं कार्ड कपाळावर नाही, पाकिटात आहे. फरक मोठा आहे, पण रंग दुरूनही दिसतो. रोहण्यात काही घरांनी मुलींची कार्डं फाडून टाकली, हे मामीनंच सांगितलं. मुलांची नाही, मुलींची.

मामेभावाचं कार्ड मात्र मामीनं प्लास्टिकमध्ये घालून ठेवलं. तो रोज हायड्रॉक्सीयुरिया घेतो. नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं होतं की किलोमागे १० मिलिग्रॅम इतक्या कमी डोसनंही आपल्याकडच्या मुलांना चांगला फायदा होतो. कमी डोस म्हणजे कमी खर्च, कमी धोका. मधूनमधून रक्त तपासावं लागतं, कारण गोळीनं पांढऱ्या पेशी उतरू शकतात. सोबत फॉलिक अ‍ॅसिड. ताप आला की घरी वाट बघायची नाही. आणि पाणी. आमच्याकडच्या मे महिन्यात हे सांगणं सोपं, शेतात पाळणं कठीण, म्हणून तो आता दुकान चालवतो. २०१६ च्या कायद्यानं सिकलसेल, थॅलसेमिया आणि हिमोफिलिया यांना दिव्यांगत्वात घेतलंय, आणि उपचाराला जायला त्याला एसटीत तिकीट लागत नाही. कंडक्टर कधी कधी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो, धडधाकट तर दिसतो.

जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारनं मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची तपासणी, लक्ष्य २०४७. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत जनुकात बदल करणाऱ्या उपचाराला परवानगी मिळाली, किंमत २२ लाख डॉलर. मामेभावाला सांगितलं तर म्हणाला, "ईएमआयवर भेटते का बे?"

राहता राहिलं माझं पिवळं कार्ड. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५०, दोष नसण्याची २५. एक वाहक आणि दुसऱ्यात असा कुठलाच दोष नाही, तर सिकलसेलचा रुग्ण जन्मत नाही. दोघं वाहक असले तरी गर्भाची तपासणी दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास करता येते. मामा-मामींच्या वेळी यातलं काहीच कोणी सांगितलं नव्हतं.

सध्या माझ्यासाठी स्थळं बघणं चालू आहे. आईचं म्हणणं, कार्डाचं आताच काढू नको, आधी पसंती होऊ दे. मामी म्हणाली, "पत्रिका नाही दाखवली तं चालते रे, कार्ड दाखवजो." गेल्या महिन्यात वर्ध्याला भेटलेल्या मुलीला मी चहा यायच्या आधीच दाखवलं. तिनं हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, माझी टेस्ट कुठे होईल? तिचा एचपीएलसीचा रिपोर्ट अजून यायचाय.