आगकाड्यांचा पिच्चर

गेल्या वर्षी दिवाळीनंतर हेमलकशाला गेलो होतो. भामरागडच्या अलीकडचं हे गाव. नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून ‘टॉय स्टोरी’ मोबाइलमध्ये आधीच उतरवून नेला. दहा-बारा माडिया पोरं एका स्क्रीनला चिकटून बसली. माणूस खोलीबाहेर गेला की खेळणी उठतात, यावर कुणी शंका घेतली नाही. मी मनात लगेच सिद्धांत मांडला: इंद्रावतीपलीकडे बस्तरात लाकडाचा आंगा देव खांद्यावर घेतात, तो हलेल तसा त्याचा कौल समजतात, इथल्या पोरांना चालत्या खेळण्यांचं काय नवल? तेवढ्यात एकाने विचारलं, “सर, हे करतात कसं?” माझा सिद्धांत तिथेच बसला.

१९९५ चा ‘टॉय स्टोरी’ कॉम्प्युटरवर घडला. कॉम्प्युटर काही आमच्याकडे नव्हता. मग मी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली.

१९१२ साली फाळके लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. हाताने दांडा फिरवायचा. सिनेमा काढायला पैसे हवे होते, पण सिनेमा म्हणजे काय हे पैसेवाल्याला पटणार कसं? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा न हलवता दिवसामागून दिवस त्याची थोडी थोडी चित्रं घेतली. पडद्यावर कोंब बघता बघता वर आला. ‘अंकुराची वाढ’ पाहून कर्ज मिळालं, आणि ३ मे १९१३ ला मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. कच्ची फिल्म परदेशातून यायची, ती मिळणं अवघड झालं. भांडवलवालेही मागे सरले. मोठा पौराणिक पट काढणं कठीण. अशा दिवसांत, १९१५ मध्ये, फाळक्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा पट केला. ना नट, ना पोशाख, ना नटांची जेवणावळ. काडी ठेवायची, एक चित्र घ्यायचं, काडी जराशी सरकवायची, पुन्हा चित्र. सेकंदाला १६ चित्रं धरली तर एका मिनिटाला ९६०. हे जगात पहिलं मात्र नव्हे; फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्येच काड्या नाचवल्या होत्या. पण आपल्याकडे निर्जीव वस्तू पडद्यावर चालल्याची सुरुवातीची मोठी नोंद हीच. मला तर हरिश्चंद्रापेक्षा या काड्यांचंच जास्त कौतुक आहे.

“दाखवा ना.”

दाखवणार काय? तो पट आज कुठेच नाही. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, एकदा पेटली की विझणं मुश्कील. नाही पेटली तरी नीट न ठेवल्यास कुजून जायची. फाळके १९४४ मध्ये नाशकात गेले. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उघडलं १९६४ मध्ये. मधल्या २० वर्षांत काय काय गेलं असेल!

मग आम्हीच बसलो. मोबाइल दोन विटांत अडकवला, किराणा दुकानातून पेटी आणली. सेकंदाला १२ चित्रं, १५ सेकंदांना १८०. पंखा बंद, सगळे घामाघूम. शंभरेक चित्रं झाली आणि एक पोरगी शिंकली. रांगेतल्या काड्या विखुरल्या. मी पुन्हा मांडायला लागलो तर ती म्हणाली, “राहू द्या सर, त्या पळाल्या.” खरंच, फिल्ममध्ये तेवढाच तुकडा जिवंत वाटत होता. बाकीच्या काड्या कवायत करत होत्या.

परतीच्या प्रवासात मोबाइल पाण्यात पडला. कॉपी केलेली नव्हती. संग्रहालय २० वर्षं उशिरा उघडलं म्हणून हळहळणारा मी, माझ्याकडून पोरांची फिल्म आठवडाभरही टिकली नाही.

यंदा पुन्हा गेलो. शिंकणाऱ्या पोरीने पहिल्यांदा तेच विचारलं, “आमचा पिच्चर?” मी खरं ते सांगितलं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने आगपेटी घेऊन आली, विटा मांडल्या आणि म्हणाली, “या वेळी मोबाइल बाईंचा घ्यायचा.”

बाईंच्या मोबाइलमध्ये एक आणि वसतिगृहातल्या ताईंकडे एक, अशा दोन कॉपी तिने माझ्यादेखत करून घेतल्या. तिसरी मला दिली, जरा विचार करून.