तांदळाएवढी गाठ

आमच्या हेंद्रेपाड्यात शेजारच्या धाकटीला आकडी आली, की कोणी कांदा, कोणी वहाण तिच्या नाकाशी धरी. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी मेंदूतल्या गाठीचे चित्र दाखवून डुकराच्या पट्टकृमीचे नाव घेतले, तेव्हा तिची आजी कडाडली, "आमच्या घरात अंडेसुद्धा शिजत नाही!"

संताप रास्तच, पण कृमीला सोवळे कळत नाही. डुकराच्या मांसातल्या अळीपासून माणसाच्या आतड्यात पट्टकृमी होतो, हे जर्मन डॉक्टर क्यूखेनमायस्टरने १८५५ मध्ये देहान्ताच्या कैद्याला त्या अळ्या खाऊ घालून सिद्ध केले. (शास्त्रज्ञही कधीकधी भयंकरच!) मेंदूत गाठ होते ती मात्र त्या कृमीच्या अंड्यांमुळे, आणि ती पोटात जातात कुणाच्या तरी विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून, न धुतलेल्या कोथिंबिरीतून. हिंदुस्थानात राहून परतलेल्या गोऱ्या शिपायांना फेफरे येई, त्याचे मूळ हेच, असे लष्करी डॉक्टर मॅकआर्थरने १९३०च्या दशकात दाखवले. १९६१ मध्ये डिक्सन व लिप्सकॉम यांनी अशा ४५० रुग्णांची हकीकत छापली. आपल्याकडे मात्र सीटी स्कॅन आल्यावरही ती एकुलती गाठ क्षयाची समजत. वेल्लोरच्या राजशेखर आणि चंडी यांनी ती बहुधा कृमीचीच असल्याचे दाखवले. अशा पुष्कळ गाठी काही महिन्यांत विरतात. आकडीचे औषध तेवढे चुकवायचे नाही.

धाकटी बरी झाली. आजी कोथिंबीर तीन पाण्यांतून काढू लागली. त्या डॉक्टरांचे नाव मात्र तिने पुन्हा कधी काढले नाही.