तीन फूट बाय चार फूट

मुंबईचा इतिहास म्हटला की गिरण्यांची धुराडी येतात, संप येतात, गोळीबार येतो. बाई बाळंत कुठं व्हायची हे मात्र कुणी लिहीत नाही.

१९१९ ला वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. कामकरी बाईला बाळंतपणाच्या आधी नि नंतर विश्रांती द्यावी, असं तिथं ठरलं. तेव्हा कुठं मुंबई सरकारला गिरण्यांतल्या बायांची हालत बघावीशी वाटली. डॉ. बार्न्स या बाई डॉक्टरला नेमलं. १९२२ ला त्यांनी पाहिलेलं छापून आलं. त्यात चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरची एक खोली आहे. पंधरा फूट बाय बारा. सहा कुटुंबं, सहा चुली, लहानमोठी तीस माणसं. सहा बायांपैकी तिघी दिवस भरत आलेल्या. बाईंनी सोबतच्या नर्सला विचारलं, इथं आडोसा कसा करणार? नर्सनं जमिनीचा एक तुकडा दाखवला. तीन फूट बाय चार. नेहमी तिथंच पडदा लावतात म्हणाली.

मी आमच्या खोलीत खडूनं तेवढा चौकोन आखून बघितला. त्यात पाय पसरत नाहीत.

आता आकडे. १९२१ ला मुंबईत जन्म नोंदलेल्या दर १००० मुलांमागे ६६६ तान्ही मुलं मेली. एका खोलीत राहणाऱ्यांत ८२८. चार किंवा जास्त खोल्यांवाल्यांत १३३. साहेबलोक म्हणायचे, आकडा फुगलेला आहे. आहेच फुगलेला. पण का, ते बघा. त्या साली शहरात १००० पुरुषांमागे बाया जेमतेम सव्वापाचशे. बाकीच्या गावाला. ज्या इथं राबत, त्यांच्यातल्याही पुष्कळ जणी दिवस भरत आले की कोकणात, घाटावर निघून जात. मूल तिकडं जन्मायचं, बाई त्याला घेऊन परत खात्यात यायची, आणि मूल मुंबईत मरायचं. जन्म शहराच्या वहीत नाही, मरण मात्र आहे.

इथंच खरी मेख आहे. प्रसूतिगृहात खाटा किती लागतील, हा हिशोब शहरात नोंदलेल्या जन्मांवरून होतो. जी बाई गावी गेली, तिची खाट हिशोबातूनच गेली. बोटीचं भाडं तिनं भरलं. सुईण, पुष्कळ गावांत मांगवाड्यातली म्हातारी, पसाभर धान्यावर राबली. वाढत्या शहराच्या बाळंतपणाचा खर्च गावच्या पडवीनं सोसला, आणि मालकाला कामगार आयता मिळाला.

१९२६ ला परळला वाडियांचं प्रसूतिगृह उभं राहिलं, गिरणगावाच्या ऐन मध्यात. चांगलंच झालं. हजारो बाया तिथं सुटल्या. पण ते गिरणीवाल्या घराण्याच्या दानातून आलं. दान मागं घेता येत नाही हे खरं, पण मागताही येत नाही.

हक्काची भाषा बाबासाहेबांनी केली. २८ जुलै १९२८, मुंबईचं कायदे कौन्सिल. बाळंतिणीच्या विश्रांतीत राष्ट्राचं हित आहे, तेव्हा खर्चाचा मोठा वाटा सरकारचा. आणि बाईच्या श्रमावर नफा काढणारा मालकही त्यातून सुटू शकत नाही, असं त्यांनी मांडलं. १९२९ ला कायदा झाला. भत्ता मिळाला. पण खाट त्या कायद्यात नव्हती. आणि कायदा कारखान्यातल्या बाईपुरता. रस्ता झाडणारी, कामगाराची घरी राहणारी बायको, या त्याच्या बाहेरच.

पुढं शहर शीवच्या पलीकडं गेलं, १९५७ पर्यंत दहिसर-मुलुंड गाठलं. धारावीच्या उशाशी शीवचं रुग्णालय १९४७ ला लष्करी बराकीत ५० खाटांवर सुरू झालं होतं. वस्ती आधी, खाट मागाहून. हा क्रम काही बदलला नाही.

माझी आजी वाइंडिंग खात्यात होती. तिची पहिली मुलगी गावाला झाली. सव्वा महिना होतो न होतो तोच तिला घेऊन आजी कामावर आली. पोर पावसाळ्यात गेली. गावात तिचा जन्म कुणी नोंदला नव्हता. मुंबईत मरणाची नोंद आहे. माझ्या त्या आत्याबद्दल तेवढाच एक सरकारी कागद आहे.