खडी व मुरूम : अंगण आणि गाडीवाट

घरापुढचे अंगण, बाग किंवा फाटकापासून दारापर्यंतची वाट कोरडी व टणक राहावी म्हणून अंथरले जाणारे दगडी साहित्य. बेसाल्ट खडक अर्धवट कुजून जो ठिसूळ, तांबूस-पिवळसर भुगा आणि खडे होतात, तो मुरूम. टणक काळा दगड फोडून केलेले कोनदार तुकडे म्हणजे खडी. मराठवाड्यात सामान्यपणे मुरमाचा थर तळाला आणि खडीचा वर येतो. नजरेत भरते ती खडी. वाट किती वर्षे टिकेल, हे मात्र खालची जमीन आणि मुरमाचा थर ठरवतात.

भूमी. मराठवाड्यातील बीड जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या लाव्हाथरांवर वसला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या या थरांचे माथे झिजून मुरूम झाला, तर सखल भागात काळी माती साचली. बालाघाटाच्या डोंगररांगेतील पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या तालुक्यांत बरड, मुरमाड जमीन बरीच आहे. गोदाकाठच्या गेवराई आणि माजलगावकडे खोल काळी जमीन लागते. नगद नारायण महाराजांचे स्थान असलेला आणि धाकटी पंढरी म्हणून ओळखला जाणारा नारायणगड उंचवट्यावर आहे. अशा माथ्यांवर वरची पातळ माती खरवडली की मुरूम लागतो आणि अंगणाला आयता तळ मिळतो. काळ्या रानात तसे होत नाही. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट टाकलेली खडी पहिल्याच पावसाळ्यात चाकाखाली खाली दबते आणि चिखल वर येतो. म्हणून गडावरच्या वाटेचा हिशेब खालच्या शिवारातल्या घराला लागू पडत नाही.

प्रकार. मुरमात कठीण व मऊ असा भेद करतात. मूठभर मुरूम भिजवून चोळल्यावर हाताला चिकट गारा लागला, तर त्यात माती जास्त आहे असे समजावे. असा मुरूम पावसात घसरडा होतो. खडी मिलिमीटरमध्ये मोजली जाते. 40 मिलिमीटरची जाड खडी गाडीवाटेच्या तळाला, 20 किंवा 10 मिलिमीटरची वरच्या थराला घेतात. त्याहून बारीक ती कच, आणि अगदी बारीक ती दगडाची भुकटी, म्हणजे डस्ट. नदीतले गोल गोटे आणि संगमरवराचे पांढरे खडे शोभेच्या वाफ्यांत चांगले दिसतात, पण गाडीवाटेवर ते चाकाखालून घरंगळतात. कोनदार तुकडे दाबाखाली एकमेकांत अडकून बसतात. स्कॉटिश अभियंता जॉन लाउडन मॅकअॅडम (1756–1836) याची रस्तेबांधणी याच गुणावर उभी होती: फोडलेल्या लहान दगडांचा दाबलेला थर आणि त्याखाली कोरडी राहणारी जमीन.

जिथे माणसे अनवाणी चालतात तिथे निवड बदलते. मंदिराच्या किंवा मठाच्या आवारात 20 मिलिमीटरची खडी पायांना बोचते. तिथे घट्ट दाबलेला मुरूम किंवा कचेचा पातळ थर सोयीचा. नारायणगडासारख्या ठिकाणी आषाढी एकादशीची गर्दी ऐन पावसाळ्यात येते. 12 ऑक्टोबर 2024 रोजी मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांचा दसरा मेळावाही नारायणगडावर झाला. अशा गर्दीत गाड्या रुतू नयेत, यासाठी शोभेच्या खडीपेक्षा पाण्याचा निचरा आणि दाबलेला तळ जास्त उपयोगी पडतो.

खरेदी व मोजमाप. माल ब्रासने विकला जातो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, सुमारे 2.83 घनमीटर. खडीचा ब्रास साधारण सव्वाचार ते साडेचार टन भरतो. ट्रॉली किंवा टिपर आला की हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची सरासरी उंची फुटांत मोजून गुणावी व 100 ने भागावे. ‘एक खेप’ हे माप नव्हे. वाटेत हादऱ्यांनी माल थोडा बसतो, त्यामुळे माप कुठे धरायचे, खाणीवर की दारात, हे आधी ठरवलेले बरे. घेताना डस्टही पाहावी: ती खडीत जास्त असेल तर निचरा कमी होतो.

उदाहरणार्थ, 20 × 15 फुटांच्या अंगणाचे क्षेत्र 300 चौरस फूट. दाबल्यानंतर 6 इंच मुरूम हवा असेल तर 150 घनफूट लागतो. सैल मुरूम दाबल्यावर बसतो म्हणून पाव ते तृतीयांश जादा धरून सुमारे दोन ब्रास मागवावा. त्यावर 2 इंच खडीसाठी 50 घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास पुरतो.

कायदा. खडी व मुरूम ही गौण खनिजे आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मधील कलम 48 नुसार खनिजांवरील हक्क शासनाकडे असतो. जमीन आपली म्हणून तिच्यातला मुरूम उपसून विकता येत नाही. उत्खननाला 2013 चे महाराष्ट्र गौण खनिज नियम लागू असून त्यासाठी परवानगी काढावी लागते व स्वामित्वधन भरावे लागते. विनापरवाना उत्खनन वा वाहतुकीला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून घेणाऱ्यानेही वाहतूक पास आणि पावती मागून घ्यावी.

अंथरण्याची रीत. आधी आखणी करून वरची माती मुळांसकट काढतात: मुरमाड जागी जेमतेम 3–4 इंच, काळ्या जमिनीत 9 इंच किंवा जास्त. फार खोल काळी असेल तर तळाला डबराचे, म्हणजे मोठ्या दगडांचे, सोलिंग करतात. उतार घरापासून बाहेर ठेवतात; 50 फुटांना एक फूट हा चांगला उतार, म्हणजे 20 फुटांत सुमारे 5 इंच. मग मुरूम एकदम न ओतता 3–4 इंचांच्या थरांनी पसरतात, पाणी मारतात आणि ओल जरा मुरल्यावर रोलर, प्लेट कॉम्पॅक्टर किंवा धुम्मसाने दाबतात. घाईने चिखलावर रोलर फिरवला तर थर दबण्याऐवजी हलतो. कडेला दगड, विटा किंवा सिमेंटची कड बसवतात, नाहीतर खडी बाहेर पसरते. काळ्या जमिनीवर माती आणि मुरूम यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड घातल्यास दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. शेवटी दीड-दोन इंच खडी पसरतात. त्याहून जाड थरात पाय रुततात आणि दुचाकीचे चाक डगमगते. तीव्र चढावर सुटी खडी टिकत नाही. तिथे फरशी किंवा काँक्रीट घालावे. हे काम पावसाळ्यापूर्वी, पण पाणी मारण्याइतका साठा असताना उरकणे सोयीचे.

सामाजिक अंग. यंत्रे येण्यापूर्वी खडी हाताने फुटत असे. दगडकाम हा वडार समाजातील अनेकांचा पिढीजात व्यवसाय. 1972–73 च्या दुष्काळात खडी फोडणे हे मराठवाड्यातील दुष्काळी कामांतले एक मुख्य काम होते. रस्त्याकडेच्या ढिगांचे माप घेऊन मजुरी मिळे, कामावर सुकडी वाटली जाई. बायाही हातोडी घेऊन बसत. अशी मजुरीची कामे देणाऱ्या, वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला 1977 च्या अधिनियमाने कायद्याचा आधार मिळाला आणि तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. आज खडी क्रशरवर तयार होते. तिथल्या बारीक धुळीने कामगारांच्या फुप्फुसांना इजा होते, म्हणून दगडावर पाणी फवारणे आणि मुखपट्टी वापरणे आवश्यक असते.

देखभाल. गवत लहान असतानाच उपटावे. चाकोऱ्या पडल्या तर दाताळ्याने खडी परत ओढून घ्यावी. एकाच जागी पुन्हा पुन्हा खड्डा पडत असेल तर वर नवी खडी ओतून उपयोग नाही. तेवढा भाग उकरून तळचा मुरूम बदलावा, पाणी कुठून येते ते शोधून त्याला वाट काढून द्यावी आणि थर पुन्हा दाबावा.